मंगोल तंबूतला लेखनिक

इ. स. १२५५. आर्मेनियातल्या अरागात्स पर्वताच्या पायथ्याशी वार्देनिस नावाच्या गावात एक राजा मुक्कामाला उतरला होता. भूमध्य समुद्राकाठच्या किलिकियाचा आर्मेनियन राजा हेथुम. तो थेट मंगोलांच्या राजधानीपर्यंत, काराकोरमपर्यंत जाऊन आला होता. मोंगके खानाच्या दरबारात पन्नास दिवस राहिला आणि पुढे आठ महिने वाट तुडवत परतला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. त्याच्या तोंडून निघालेल्या गोष्टी एका मठवासी विद्वानाने आपल्या ग्रंथात लिहून ठेवल्या.

त्या गोष्टी आज वाचताना माणूस थक्क होतो. वाळवंटात फिरणारे पिवळे आणि काळे रानटी घोडे. दोन मदारींचे रानटी उंट. खिताईच्या, म्हणजे उत्तर चीनच्या पलीकडचा एक देश, जिथे बायका माणसांसारख्या असतात आणि पुरुष मात्र मोठाल्या केसाळ कुत्र्यांच्या रूपात. यातले कुत्रे सोडून द्या, पण उंट खरे आहेत. गोबीच्या वाळवंटात दोन मदारींचे रानटी उंट आजही हिंडतात.

आणि मग, याच ओघात, ग्रंथात एक नाव येतं: शाकमोनिया. त्या बाजूला मातीच्या प्रचंड मूर्ती पुजणारे लोक आहेत, त्यांच्या देवाचं हे नाव. तो ३०४० वर्षांपासून देव आहे असं ते मानतात. त्याच्यानंतर त्याची जागा घेणारा दुसरा आहे, त्याचं नाव मादरिन. त्यांचे पुजारी डोकं आणि दाढी तासतात, पिवळी वस्त्रं पांघरतात, खाण्यापिण्यात आणि संसारातही संयमाने वागतात.

शाक्यमुनी आणि मैत्रेय! अजिंठ्याच्या लेण्यांत ज्याच्यापुढे आपण उभे राहतो, तोच बुद्ध म्हणजे हा शाक्यमुनी. मगधातून निघालेलं एक नाव मध्य आशियाच्या वाटेने मंगोलियात गेलं, तिथे एका ख्रिस्ती राजाच्या कानावर पडलं आणि कॉकेशसच्या डोंगरातल्या एका ख्रिस्ती मठवाशाच्या कागदावर उतरलं. त्याने त्या लोकांना मूर्तिपूजक म्हटलंच. त्या काळात तो दुसरं काय म्हणणार? पण नाव विचारलं, वर्षं विचारली, पुजाऱ्यांच्या वस्त्राचा रंग विचारला आणि सगळं जसंच्या तसं टिपून ठेवलं.

या माणसाचं नाव किराकोस गांझाकेत्सी, म्हणजे गांझाक प्रांतातला किराकोस. गांझाक म्हणजे आज अझरबैजानमध्ये असलेलं गांजा शहर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख. किराकोसचा जन्म इ. स. १२००च्या सुमाराचा. त्याने लिहिलेला आर्मेनियाचा इतिहास चौथ्या शतकात तिथे ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या संत ग्रेगोरपासून सुरू होतो आणि त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत येतो. मंगोल स्वारीबद्दल आज जगाला जे माहीत आहे, त्यातला फार मोलाचा भाग या ग्रंथातून आलेला आहे. कारण किराकोसने मंगोल नुसते लांबून पाहिले नव्हते. तो त्यांचा कैदी होता आणि त्यांचा लेखनिकही.

पण त्याआधी त्याच्या गुरूंबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय किराकोस समजत नाही.

आर्मेनियन मठांत शिकवण्याचा अधिकार असलेल्या विद्वानाला वर्दापेत म्हणत. ही पदवी मिळाली की हातात दंड येई. किराकोसच्या गुरूंचे गुरू म्खितार गोश हे त्या काळचे नामवंत वर्दापेत. आर्मेनियन लोकांना स्वतःचा लिखित कायदा नाही, म्हणून त्यांनी ११८४ मध्ये कायद्याचा ग्रंथ लिहायला घेतला. तो पुढे इतका चालला की पोलंडमध्ये जाऊन वसलेल्या आर्मेनियन लोकांसाठी १५१९ मध्ये तिथल्या राजाने त्याच्या लॅटिन रूपाला मान्यता दिली. मला मात्र किराकोसने सांगितलेली त्यांची एक छोटी गोष्ट कायद्याच्या ग्रंथाहून मोठी वाटते. म्खितार वर्दापेत झाले, शिकवण्याचा अधिकार मिळाला, आणि तरीही त्यांना वाटलं की आपलं शिक्षण पुरेसं झालेलं नाही. तेव्हा ते किलिकियाकडच्या काळ्या डोंगरातल्या विद्वानांकडे गेले. आपली पदवी कुणाला कळू दिली नाही, साध्या विद्यार्थ्यासारखे बसले आणि पुन्हा पहिल्यापासून शिकले. पुढे त्यांची कीर्ती झाली तेव्हा तसंच त्यांच्याकडेही घडू लागलं. पदवी मिळालेले लोक ती लपवून त्यांच्या विद्यार्थ्यांत येऊन बसत.

११८८च्या भूकंपात त्यांचा गेतिक मठ पडला. म्खितारनी जवळच नवा मठ उभारायला घेतला. तोच आजचा गोशावांक, तावुश प्रांतातल्या गोश गावातला. तिथे १२९१ मध्ये पोघोस नावाच्या कारागिराने घडवलेला एक क्रूसशिलापट आहे. त्यातली नक्षी इतकी बारीक आहे की दगड कोरलाय की सुईने विणलाय, असा प्रश्न पडावा.

म्खितारचे शिष्य वानाकान वर्दापेत आणि वानाकानचा शिष्य किराकोस. वानाकाननी खोरानाशात नावाचा मठ बांधला. आजच्या चिनारी गावाजवळ, अझरबैजानच्या सीमेला लागून त्याच्या भिंती उभ्या आहेत. १२२५ मध्ये ख्वारझमचा सुलतान जलालुद्दीन मंगोलांपुढून पळत पळत कॉकेशसमध्ये शिरला, आणि त्याच्या धाडीत हा मठ उद्ध्वस्त झाला. वानाकान डगमगले नाहीत. ओलोरुत गावासमोरच्या एका उंच कड्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी गुहा खोदली, आत छोटं चर्च केलं आणि पुस्तकं गोळा करून नेऊन ठेवली. विद्यार्थी कडा चढून तिथे शिकायला जाऊ लागले.

मंगोलांची पहिली चाहूल आर्मेनियाला त्याही आधी, १२२०च्या सुमाराला लागली होती. त्या वेळचं किराकोसचं वर्णन वाचून जीव कळवळतो. अफवा उठली की हे येणारे लोक ख्रिस्तीच आहेत, चमत्कार करणारे आहेत, मुसलमान राज्यकर्त्यांच्या जाचातून आपल्याला सोडवायला येताहेत. त्यांच्याकडे तंबूतलं चर्च आहे आणि एक चमत्कारी क्रूस आहे. त्या क्रूसापुढे मापभर जव ठेवले की सगळ्या सैन्याने आपापल्या घोड्यांना घातले तरी ते संपत नाहीत. लोकांनी तटबंदी केली नाही. एका ठिकाणी तर पुजारी क्रूस हाती घेऊन, मागे सारं गाव घेऊन त्यांना सामोरा गेला. मंगोलांनी एकजात सगळ्यांना कापून काढलं. आपल्या लोकांच्या भोळेपणाची ही हकिगत किराकोसने लपवली नाही. जवाच्या मापासकट ती लिहिली.

१२३६ मध्ये मंगोल पुन्हा आले, ते राहण्यासाठी. ज्या मुलुखात गुहा होती तो मोलार नोयान नावाच्या सरदाराच्या वाट्याला आला. ओलोरुतची माणसं बायकामुलांसह वानाकानच्या गुहेत येऊन दडली. खालून वेढा पडला. उन्हाळ्याचे दिवस, वर अन्न संपलेलं, पाणी तर नाहीच. मुलं तहानेने तडफडू लागली. मंगोल खालून ओरडून सांगत होते: मरता कशाला? खाली या, मारणार नाही. एकदा, दोनदा, तीनदा, शपथा घेऊन.

लोक वानाकानच्या पाया पडले. आमचे जीव वाचवा, खाली जाऊन बोलणं करा. ते दोन पुजाऱ्यांना घेऊन उतरले. मोलार नोयान एका टेकाडावर छत्रीच्या सावलीत बसला होता. गुरूंना त्याच्यापुढे तीनदा गुडघे टेकायला लावलं. उंट बसतात तसं, असं किराकोस लिहितो. मग विचारणा झाली: आम्ही आलो हे कळूनही सामोरे का आला नाहीत? गुरूंनी उत्तर दिलं ते साधं होतं. आम्हाला तुमची भाषा येत नाही, तुमची भीती वाटत होती, आणि आम्हाला कुणी बोलावलंही नाही. बोलावलं तेव्हा आलो. पुढचे प्रश्न किल्ल्यांचे आणि गावांचे. कुठे कोण राहतं, वाटा कुठून जातात. वर अडकलेले लोक खाली आणले गेले, त्यांना पाणी मिळालं आणि ते कैदी झाले.

इथून किराकोसची कैद सुरू होते. सैन्य हलेल तसे कैदी पायी हलत. रात्री त्यांना घरांत कोंडत, पहारेकरी बाहेर पडू देत नसत. मंगोलांना लिहिता-वाचता येणारा माणूस हवा होता आणि किराकोस त्यांच्या नजरेत भरला. दिवसभर त्याने त्यांच्याबरोबर चालायचं, पत्रं लिहायची, आलेली वाचून दाखवायची. संध्याकाळी त्याला जामिनावर पुन्हा गुरूंजवळ आणून सोडत. उन्हाळाभर हा क्रम चालला.

शरद आला तशी सैन्याने मुलूख सोडून जायची तयारी केली. तेव्हा गाग किल्ल्यातल्या ख्रिस्ती लोकांनी ऐंशी सोन्याची नाणी मोजून वानाकानना सोडवलं. शिष्याला सोडवण्याइतके पैसे नव्हते, आणि पैसे असते तरी मोलारने तो विकला नसता. गाग इथे संत सार्गीसचा क्रूस होता, कैद्यांना सोडवणारा म्हणून लोक त्याच्याकडे नवस बोलत. गुरू जाताना म्हणाले की मी त्या क्रूसापुढे जाऊन तुझ्यासाठी आणि मागे राहिलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करीन.

मोलारने नंतर किराकोसला बोलावून घेतलं आणि त्याची समजूत काढली. मोठा पुजारी गेला, आता त्याच्या जागी तू. आम्ही तुला कितीही मोल आलं तरी विकणार नाही. बायको असेल तर तिला आणवतो, नसेल तर आमच्यातली एक देतो. वेगळा तंबू दिला, सेवेला दोन पोरं दिली. उद्या घोडाही देतो, म्हणाला.

किराकोस त्याच रात्री पळाला.

तो नव्या गेतिकला, म्हणजे म्खितारनी उभारलेल्या आणि तो स्वतः जिथे लहानाचा मोठा झाला त्या मठात पोहोचला. मंगोलांनी तो जाळून टाकला होता.

आता विचार करा, या माणसाने मंगोलांबद्दल काय लिहायला हवं होतं? शिव्याशाप लिहिले असते तरी त्याला कुणी बोल लावला नसता, आणि ते आहेतही ग्रंथात. गावं कशी लुटली, माणसं कशी मारली, हे सांगताना त्याची लेखणी रडते. पण त्याच ग्रंथात एक प्रकरण आहे, ज्यात तो शांतपणे सांगतो की हे लोक दिसतात कसे, जेवतात कसे, वागतात कसे. दाढी विरळ, डोळे बारीक, आवाज तीक्ष्ण. मिळालं की भरपूर खातात, नसेल तेव्हा उपाशी राहणंही सोसतात. मांसाचे बारीक तुकडे करतात, शिजवतात किंवा भाजतात पण मिठाशिवाय, आणि खाताना मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. मालक आणि नोकर यांना वाटा सारखाच. घोडीच्या दुधाची आंबवलेली कुमिस प्यायच्या आधी एक जण मोठा वाडगा घेतो, दुसऱ्या लहान वाटीने त्यातलं थोडं आधी आकाशाकडे शिंपडतो, मग पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला, दक्षिणेला. बाहेरच्याने खाणंपिणं आणलं तर विषाच्या भीतीने आधी आणणाऱ्यालाच खायला लावतात.

हे तपशील कुणा मुत्सद्द्याच्या अहवालातले नाहीत. ज्याला रोज त्यांच्यात बसावं लागलं, आणि बसल्या जागी ज्याचे डोळे मिटले नाहीत, त्याचे हे तपशील आहेत. सरदार आणि चाकर यांच्या पानात सारखा वाटा पडतो, ही शत्रूची चांगली बाजू त्याने पाहिली आणि लिहिली. माझ्या मते इतिहासकाराची सगळ्यात कठीण कसोटी हीच.

त्याच प्रकरणाच्या शेवटी त्याने आणखी एक काम केलंय, ज्यासाठी भाषांचे अभ्यासक त्याचे आजन्म ऋणी आहेत. त्याने मंगोल भाषेतल्या पन्नासहून अधिक शब्दांची यादी आर्मेनियन अर्थांसह दिली आहे. देव तेंग्री, पुरुष एरे, बाई एमे. बाप एचिगे, आई एके. डोळे नीदून, कान चिकीन. मग मेंढी, बकरी, घोडा, उंट, कुत्रा, लांडगा, ससा. पाणी, नदी, तलवार, धनुष्य, बाण. सूर्य नारान, चंद्र सारा, मग तारे, दिवस, रात्र. तेराव्या शतकातली मंगोल भाषा कानाला कशी लागत होती, याचे लिखित पुरावे जगात थोडेच आहेत आणि त्यातला हा एक. उलानबातारमधलं आजचं पोरही यातले बरेच शब्द ओळखील: घोड्याला आजही तिथे मोर म्हणतात, कुत्र्याला नोखोय, सूर्याला नार. यादीच्या अगदी शेवटाशी एक शब्द आहे बिचिक्ची. अर्थ: लेखनिक. छावणीत ज्या कामाने किराकोस जगला, तेच हे काम.

ग्रंथ लिहायला त्याने आर्मेनियन संवताच्या ६९०व्या वर्षी घेतला. हा संवत इ. स. ५५२ मध्ये सुरू होतो, म्हणजे ते वर्ष १२४१. हस्तलिखितांत आकडे अक्षरांतच लिहिलेले असतात. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन लिपी घडवली, तिची मुळाक्षरं ३६. पहिली नऊ म्हणजे एकं, पुढची नऊ दहं, मग शतकं, मग हजार. त्यामुळे ६९० हा आकडा दोनच अक्षरांत मावतो. कैदेतून सुटून पाच वर्षं झाली होती, गुरू अजून हयात होते, आणि किराकोस ती दोन अक्षरं लिहून कामाला लागला.

पुढची पंचवीस वर्षं ग्रंथ वाढत गेला आणि किराकोस विचारत गेला. १२५४ मध्ये मंगोलांनी शिरगणती केली. बायका वगळून दहा वर्षांवरच्या सगळ्यांची नावं लिहिली, प्रत्येकावर कर बसवला, ज्यांना देता आला नाही त्यांचे हाल केले. ते सारं त्यात आहे. १२५८ मध्ये मंगोल खान हुलागूने बगदाद घेतलं आणि अब्बासी खिलाफत संपवली. किराकोस तिथे नव्हता. पण वेढ्यात हजर असलेला एक आर्मेनियन सरदार त्याला भेटला, त्याच्याकडून त्याने हकिगत घेतली. आणि हकिगत संपल्यावर हा इतिहासकार काय करतो, तर साक्षीदार कोण ते सांगतो: हसन, ज्याला प्रोश म्हणतात, वासाकचा मुलगा, हाघबाकचा नातू. त्याच्या भावांची नावं देतो, मुलांची नावं देतो. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, स्वतःच्या कानांनी ऐकलं, असं नोंदवतो. शंका असेल त्याने जाऊन त्या घरात विचारावं. आजच्या कोणत्याही शोधपत्रकाराने पाहून घ्यावी अशी ही रीत आहे.

आपल्या काळाचा इतिहास लिहिणारा किराकोस एकटा नव्हता. वानाकाननी स्वतःही मंगोल स्वारीवर ग्रंथ लिहिला होता. त्यांचा दुसरा शिष्य, किराकोसचा गुरुबंधू वर्दान अरेवेल्त्सी, यानेही जगाचा इतिहास लिहिला. हा वर्दान १२६४ मध्ये हुलागूच्या भेटीला गेला होता आणि ती भेट त्याने सविस्तर लिहून ठेवली आहे. जगज्जेत्या खानाशी समोरासमोर बोललेला हा वर्दापेत त्याच ओलोरुतच्या गुरूंच्या हाताखाली घडलेला.

वानाकान १२५१ मध्ये वारले. किराकोस आणि वर्दान दोघेही १२७१च्या सुमाराला गेले. किराकोसच्या ग्रंथाच्या नकला मठामठांत होत राहिल्या; तो १८५८ मध्ये मॉस्कोत आणि १८६५ मध्ये व्हेनिसमध्ये छापून निघाला, आणि १९६१ मध्ये येरेवानमध्ये अनेक हस्तलिखितं ताडून त्याची चिकित्सक आवृत्ती निघाली.

वर्दानच्या ग्रंथावर तर लेखक जिवंत असतानाच संकट आलं. वाटेत दरोडेखोरांनी सामान लुटलं, त्यात हस्तलिखितही गेलं. पुढे ते तिफ्लिसच्या, म्हणजे आजच्या त्बिलिसीच्या बाजारात विकायला आलेलं सापडलं, आणि विकत घेऊन परत आणलं गेलं. वानाकानचा ग्रंथ मात्र कुठल्याच बाजारात पुन्हा सापडला नाही. तो हरवला तो हरवलाच. तो होता हे आपल्याला कळतं ते शिष्यांच्या लिखाणातून. तिफ्लिसहून परत आलेल्या त्या ग्रंथात, मंगोलांचा विषय निघतो तिथे वर्दान सांगतो की याबद्दल मी विस्ताराने लिहीत नाही, कारण ते आमचे पिता वानाकान वर्दापेत आणि आमचा लाडका भाऊ किराकोस यांनी आधीच लिहून ठेवलंय.